मंजुळा चौकीचा वीर

आप्पा गेले आणि तिसऱ्या दिवशी गावाला कळलं, की ते शूर होते.

तोपर्यंत ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. माझे सासरे महिपत गराटे फौजेत उभी हयात काढून हवालदार म्हणून घरी आले, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. पालीहून आत जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आणि गावाच्या अगदी टोकाला आमची वाडी. एवढ्या वर्षांत गावाने त्यांना दोन नावं ठेवली. एक 'बायकोचा हवालदार' आणि दुसरं 'वेण्यावाला'.

पहिलं नाव पडलं ते चहामुळे. आप्पा सगळ्यांच्या आधी उठायचे, चहा करायचे आणि पहिला कप सासूबाईंना अंथरुणात नेऊन द्यायचे. खळ्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते दिसायचं. कुणी टोमणा मारला, की आप्पा शांतपणे म्हणायचे, "फौजेतल्या बढत्या त्यांनी दिल्या. ही एवढी मी मागून घेतली."

दुसऱ्या नावाला मी कारण. मी रत्नागिरीत औषधांच्या दुकानात काम करते. सकाळची एसटी चुकली की दिवस बुडतो. माझे यजमान संदेश मुंबईला, अंधेरीच्या एका कारखान्यात. तेव्हा शमिका शाळेत जायला लागली, तशी तिच्या वेण्यांची जबाबदारी आप्पांनी घेतली. त्यांच्या हातची वेणी शाळा सुटेपर्यंत केसभर हलत नसे. ते पाहून वाडीतल्या बाकीच्या मुलीही फणी घेऊन आमच्या पडवीत बसायला लागल्या. आप्पा एकेकीला पुढ्यात घ्यायचे, दोन्ही गुडघ्यांत डोकं सरळ धरायचे आणि "हलू नको, माल पडंल," असं म्हणायचे. मुलींना त्याचा अर्थ कळायचा नाही. मलाही पुष्कळ उशिरा कळला.

माघातल्या एका दुपारी जेवून, हात धुऊन ते पडवीतल्या बाकड्यावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत. सासूबाईंनी ताटं घासली, ओटा सारवला आणि मग त्यांना उठवायला गेल्या. इतकं साधं त्यांचं जाणं.

तिसऱ्या दिवशी पाष्टे भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या ग्राममंडळाचे अध्यक्ष. पुढच्या निवडणुकीत सरपंच व्हायची त्यांची इच्छा आहे आणि ती त्यांनी कधी लपवलेली नाही. थोडा वेळ मान खाली घालून बसले. मग सासूबाईंना म्हणाले, "काकी, आप्पांनी किती मारले?"

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंना कळेना. "काय मारले?"

"दुश्मन. लढाईत."

आई विचारात पडल्या. "घरात तर त्यांनी झुरळ पण मारलं नाय. सुपलीत घेऊन परसात सोडायचे. मंग मी जाऊन मारायची."

"घरातलं नाय ओ, सीमेवरचं विचारतोय."

"सीमेवर खेचरं व्हती त्यांच्याकडं."

"खेचरं असतील. पण त्याशिवाय काय होतं?"

"त्याशिवाय म्हणजे? खेचरं काय थोडी व्हती?"

खरं तेच होतं. आप्पा फौजेत भरती झाले ते बंदूक खांद्यावर घ्यायच्या आशेने, पण त्यांची नेमणूक झाली खेचरांच्या तुकडीत. बर्फातल्या ज्या चौक्यांवर गाडी जात नाही, तिथे पीठ, रॉकेल, गोळ्या, पत्रं, सगळं खेचरांच्या पाठीवरून चढवायचं आणि रिकाम्या पाठीने उतरायचं. हेच त्यांनी आयुष्यभर केलं आणि नीट केलं.

भाऊंना एकदम शौर्याची गरज का पडली, तेही सांगते. दोन गावं पलीकडचा एक तरुण जवान सीमेवर मारला गेला. चांगला मुलगा. त्याच्या आईकडे बघवत नाही अजून. पण त्याचं स्मारक झालं, तेव्हा पुढारी यायचे म्हणून हमरस्त्यापासून स्मारकापर्यंत डांबर पडलं. सगळ्यांना त्या घरातलं दुःख दिसलं. भाऊंना डांबरही दिसलं.

"काकी," उठता उठता ते म्हणाले, "आपल्या वाडीला रस्ता नाय, कारण आपल्याकडं कोण नाय. आता आप्पा हायत."

"आता कुठं हायत?" आई म्हणाल्या.

भाऊंना आप्पांचा गणवेशातला फोटो हवा होता. तसा एकच फोटो घरात होता आणि त्यात आप्पा एकटे नव्हते. त्यांच्या बाजूला, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून मंजुळा उभी होती.

मंजुळेची हकिगत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या शिमग्याला आप्पा रजेवर येणार होते. आईंनी घर सारवून, पुरणाची डाळ भिजत घालून ठेवलेली. आप्पांऐवजी आला त्यांचा सोबती गुणाजी. हा वेळणेश्वरचा. बापजादे होडीवर, आणि हा भरती झाला नि खेचरांत पडला. आईंनी त्याला पाट दिला, चहा दिला. गुणाजीने एक घोट घेतला आणि निरोप सांगितला, "वहिनी, महिपत येत नाय. मंजुळेला बरं नाय. तिला सोडून त्याचा पाय निघत नाय."

आईंनी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं, ते अजून वाडीतल्या म्हाताऱ्या चवीने सांगतात. आप्पांच्या आईने जमिनीवर हात आपटून रडायला सुरुवात केली, की पोराने तिकडे बाई ठेवली. गुणाजी परोपरीने सांगत होता, पण 'खेचर' हा शब्द त्या गलक्यात कुणाच्या कानापर्यंत गेलाच नाही. जेव्हा गेला, तेव्हा म्हातारीचा समज झाला की तो त्या बाईलाच खेचर म्हणतोय, आणि तिला तेवढंच बरं वाटलं. शेवटी आप्पा पावसाळ्यात आले, ते पुरावा म्हणून हा फोटो काढून घेऊन. आईंनी फोटो बघितला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हिला खायला काय घालता?"

तेव्हापासून मंजुळा घरातलीच झाली. पुढे ती म्हातारी होऊन गेल्याचं कळलं, तेव्हा आईंनी त्या दिवशी घरात मासळी शिजवली नव्हती.

तो फोटो पाष्टे भाऊ घेऊन गेले आणि आठवड्याने फाट्यावर फ्लेक्स लागला. आप्पा रणगाड्याच्या शेजारी उभे. मंजुळेला कापून तिथे रणगाडा बसवला होता. पण हनुवटी आप्पांच्या खांद्यावर असल्यामुळे ती पूर्ण कापता आली नव्हती. एक कान राहिला होता. फ्लेक्सवाल्याने त्याला हिरवा रंग देऊन झाडाची फांदी केली होती. खाली लिहिलं होतं, 'गावचा ढाण्या वाघ'. त्याखाली भाऊंचा हात जोडलेला फोटो, आप्पांपेक्षा मोठा.

आईंनी एसटीतून उतरताना तो पाहिला. म्हणाल्या, "मंजुळेला का कापली? ती काय कोणाच्या मधी येत व्हती?"

आमच्याकडे कुठलीही गोष्ट गावाने ठरवली की पुरी होत नाही. मुंबईच्या मंडळानेही ती ठरवावी लागते. देवळाला कुठला रंग द्यायचा, पालखी कुठल्या वाटेने न्यायची, यावरून दोन्ही मंडळांत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं आणि मेच्या सुट्टीत परत सुरू होतं. मुंबई मंडळाचा चिटणीस स्वरूप. लालबागला राहतो, गावात आला की बाटलीतलं पाणी पितो. त्याने फ्लेक्सचा फोटो बघितला आणि ग्रुपवर लिहिलं, की महिपतकाका हे संपूर्ण गावाचे, म्हणजे पर्यायाने मुंबई मंडळाचेही वीर आहेत, आणि मंडळ त्यांच्या नावाने फाट्यावर कमान उभारणार आहे. भाऊंनी उत्तर दिलं, की कमान नव्हे, अर्धपुतळा. मग चारशे मेसेज झाले. आप्पा जिवंत असताना आजारी पडले, तेव्हा याच ग्रुपवर मी गाडी मिळेल का विचारलं होतं. त्यावर दोन हात जोडलेले आले होते.

अखेर असं ठरलं, की कमान मुंबईची, पुतळा गावाचा आणि तारीख एक मे, कारण तेव्हा चाकरमानी आलेले असतात.

मला वाटलं होतं, संदेश हे थांबवील. मी रविवारी फोनवर त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काहीतरी केलं असेल गं आप्पांनी. सांगितलं नसेल. फौजेतली माणसं सांगत नाहीत."

"संदेश, ते खेचरं सांभाळत होते."

"मला माहीत आहे. लहानपणापासून तेच ऐकतोय." त्याचा आवाज जरा वर गेला. "मला कावीळ झाली तेव्हा ते आले, म्हणे. मला आठवत नाही. मला आठवतात ते न आलेले दिवस. शाळेत सगळ्यांचे बाप मुंबईला, ते निदान गणपतीला यायचे. माझा बाप सीमेवर. मी काय समजायचो, देशासाठी लढतोय. तेवढ्यावर निभावलं मी. आता त्या खेचरासाठी नव्हते घरी, असं सांगू का शमिकाला?"

मला माझं लग्न होऊन आल्यापासूनचे आप्पा माहीत होते. मी आरे-वारेकडची, बोटवाल्यांच्या घरातली. मासे नाहीत तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे त्यांनी पहिल्या आठवड्यात ओळखलं. मासळीचा टेम्पो आला की ते सगळ्यात पुढे उभे राहायचे आणि माझ्याकडून सार करायला शिकायचे. "फौजेत नुसती डाळ. एवढ्या वर्षांची कसर भरून काढायची हाय," असं म्हणायचे. संदेशला हे आप्पा फारसे मिळालेच नाहीत. ते घरी आले तेव्हा तो मुंबईला निघून गेला होता.

एप्रिलच्या शेवटी भाऊंना साक्षीदाराची आठवण झाली. शौर्य कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं हवं. त्यांनी गुणाजीकाकांचा शोध काढला. गुणाजीकाका आता खूप थकले होते, पण महिपतचं नाव ऐकून तयार झाले आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पिशवीत सुकी मासळी घेऊन आमच्या दारात हजर झाले. आईंनी त्यांना चहा दिला. काकांनी कप दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आता नाय काढून घेत," आई म्हणाल्या.

भाऊ संध्याकाळी आलेच. स्वरूपही आला होता. त्याने संदेशसाठी भाषण लिहून आणलं होतं. दिवेलागण झाली होती, आम्ही सगळे पडवीत बसलो होतो. भाऊ म्हणाले, "काका, उद्या दोनच मिनिटं बोला. पण असं बोला की उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांना शौर्य वाटलं पाहिजे. गोळीबार, तोफा, असं काय झालेलं का?"

"झालेला की," गुणाजीकाका म्हणाले. "तोफांचा मारा झालेला. वाटेतच."

भाऊ पुढे सरकले. स्वरूपने मोबाईल काढला.

"आमी सगळे दगडाआड पडलो. खेचरं उधळायला लागली. उधळली तर मालासकट दरीत. महिपत मंजुळेच्या गळ्यात हात टाकून उभा. ती हलली नाय, म्हणून बाकीची पण हलली नायत."

"वा. आणि मग त्यांनी उलट गोळीबार केला."

"नाय. बोलत व्हता."

"काय? घोषणा?"

"घरातलं." काकांनी चहाचा घोट घेतला. "त्याला भीती वाटली की तो त्या मंजुळेशी बोलायचा. एरवी तोंडातून शब्द नाय. तिच्या कानात सांगत व्हता, की काशीनं यंदा शेताच्या खालच्या कुणग्यात वाल टाकलेत. पोराला दात आलाय, पयला. खालचा. मी दगडाआड पडलेला, मला सगळं ऐकू येत व्हतं. वरून मारा चाललाय नि हा सांगतोय, पोर रात्रीचं रडतं, तर काशी त्याच्या हिरड्यांना मध लावते. मला वाटलं, आता मरायचंच हाय तर असल्या गोष्टी ऐकत मरणं बरं."

काशी म्हणजे आमच्या आई. संदेश खांबाला टेकून बसला होता. त्याने मान खाली घातली.

"त्या खेचराला तुमच्या घरातलं सगळं ठाऊक व्हतं, वहिनी," काका म्हणाले. "तुमच्या नणंदेचं लगीन मोडलं ते पण. बढतीचा कोर्स आला, तेव्हा पोराला कावीळ. सुभेदार साब म्हणाले, महिपत, ही संधी परत येणार नाय. हा म्हणाला, साब, पोरगा पण परत येणार नाय. नि आला निघून. संधी काय आली नाय मंग. त्याचं त्याला काय वाटलं नाय."

"त्यांनी मला कधी सांगितलं नाय, की भीती वाटते," आई म्हणाल्या.

"तुमाला कसं सांगंल? म्हणून तर तिला सांगायचा."

आई उठून आत गेल्या. चुलीपाशी भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

भाऊंनी घसा साफ केला. "हे सगळं छान हाय, काका. पण उद्या दाताचं नका बोलू. मारा झाला, वीर डगमगला नाही, एवढंच बोला."

"डगमगला व्हता," काका म्हणाले. "पाय लटलट कापत व्हते त्याचे."

तेव्हा असं ठरलं, की गुणाजीकाकांची तब्येत बरी नसल्यामुळे ते उद्या बोलणार नाहीत.

एक मेला मांडव भरला. चाकरमानी पांढरे कपडे करून आले होते. कमानीवर मुंबई मंडळाचं नाव एवढं मोठं होतं, की आप्पांचं नाव वाचायला उन्हात कपाळावर हात धरावा लागत होता. साहेब, म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी, सकाळी येणार होते, ते जेवणवेळ टळल्यावर आले. तोपर्यंत लाऊडस्पीकरवर देशभक्तीची गाणी वाजून वाजून लहान मुलं झोपली होती.

साहेबांनी दोरी ओढली आणि पुतळ्यावरचा पडदा खाली आला.

पुतळ्याला भरघोस मिशा होत्या. रुंद छाती, दुहेरी हनुवटी, डोक्यावर फौजी टोपी. आप्पा अंगाने काटक, गाल बसलेले, आणि जन्मात त्यांनी मिशी ठेवली नव्हती. नंतर कळलं ते असं. हा पुतळा दुसऱ्याच एका गावाने त्यांच्या लाडक्या पुढाऱ्यासाठी सांगितला होता. पुतळा वाळेपर्यंत पुढाऱ्याने पक्ष बदलला. मूर्तिकाराच्या कारखान्यात तो पडून होता. भाऊंनी त्यावर टोपी चढवून घेतली. "टोपी घातली की सगळे जवान सारखेच," असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या शेजारी बसलेल्या आईंनी पुतळ्याकडे एकदा पाहिलं आणि झटकन डोक्यावरून पदर घेतला. परका पुरुष समोर आला की त्या घेतात, तसा. पुढचा सगळा वेळ त्यांनी मान वळवून मांडवाच्या खांबाकडे पाहिलं. फोटोवाल्याला वाटलं, बाई रडतायत. त्याने तीन-चार फोटो काढले.

साहेबही पुतळ्याकडे जरा जास्त वेळ बघत होते. त्यांचा एके काळचा जिवलग आणि आताचा कट्टर विरोधक टोपी घालून त्यांच्याकडे बघत होता. "हे महिपतराव?" त्यांनी विचारलं.

"तरुणपणचे," भाऊ म्हणाले.

स्वरूपचं प्रास्ताविक झालं. त्यात आप्पांना 'शहीद' म्हटलं गेलं. आईंनी पदराआडून मला विचारलं, "हे शहीद झाले ते कधी गो? आपल्याला कसं कळलं नाय?" मी त्यांचा हात धरला. मग संदेशला बोलवलं. स्वरूपने लिहून दिलेला कागद घेऊन तो माइकपाशी गेला. पहिली ओळ त्याने वाचली, 'शत्रूच्या उरात धडकी भरवणारे माझे वडील'. तिथे थांबला. कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"माझे वडील," तो म्हणाला, "मंजुळेला सांभाळत होते."

स्वरूप आपल्या हातातल्या प्रतीत ते वाक्य शोधायला लागला.

"खूप वर्षं त्यांनी तिला सांभाळलं. लढाईत मारा झाला तेव्हाही तिला सोडलं नाही. त्यांना भीती वाटली की ते तिच्याशी बोलायचे. माझ्याबद्दल, आईबद्दल बोलायचे. मला हे कालच कळलं. मला वाटायचं, आपला बाप घरी नव्हता. पण..." पुढचं त्याला बोलता येईना. तो तसाच उभा राहिला.

साहेब भाऊंकडे झुकले. समोरचा माइक चालू आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "ही मंजुळा कोण?" साऱ्या मांडवाने ते ऐकलं.

मागे बसलेल्या आमच्या वाडीच्या बायकांत पहिली खसखस पिकली. एक म्हातारी दुसरीच्या कानात काहीतरी सांगून तोंडाला पदर लावून डोलायला लागली. मुंबईच्या पांढऱ्या कपड्यांत कुजबुज सुरू झाली. चाळीस-पन्नास वर्षांमागचा तो घोटाळा परत एकदा, आणि या वेळी लाऊडस्पीकरवरून, उभा राहिला होता.

पाष्टे भाऊ सरपंच होण्याच्या लायकीचे आहेत, हे त्या क्षणी मला पटलं. त्यांनी उठून संदेशच्या खांद्यावर हात ठेवला, माइक स्वतःकडे घेतला आणि म्हणाले, "मुलगा भावनावश झाला आहे. मंजुळा हे चौकीचं नाव आहे, साहेब. बर्फातली चौकी. मंजुळा चौकी."

टाळ्या पडल्या.

साहेब बोलायला उठले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. मंजुळा चौकी आज आपल्या ताब्यात आहे ती कुणामुळे, असं त्यांनी विचारलं आणि पुतळ्याकडे न बघता नुसताच त्या दिशेला हात केला. महिपतराव त्या चौकीशी बोलत, आपल्या मुलाबाळांच्या गोष्टी तिला सांगत, असा जवान ज्या मातीत जन्मतो ती माती धन्य आहे, असंही ते म्हणाले. हे वाक्य बरं होतं. आणि शेवटी त्यांनी रस्ता मंजूर केला.

गुणाजीकाका आईंच्या पलीकडे बसले होते. ते वाकून म्हणाले, "वहिनी, मंजुळेची चौकी झाली."

"होऊ दे," आई म्हणाल्या. "आयुष्यभर चढतच व्हती बिचारी."

संदेश आमच्यापाशी येऊन बसला. त्याचा चेहरा पडला होता. "मी सांगितलं ना गं नीट?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नीट सांगितलंस. आम्ही ऐकलं." आईंनी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि परत खांबाकडे बघत बसल्या. त्या वेळी तो पाच मिनिटं रडला, आणि त्याला कुणी वीरपुत्र वगैरे म्हटलं नाही, हे चांगलं झालं. सगळे जेवणाच्या रांगेत गेले होते.

पुढचं थोडक्यात सांगते. चौथऱ्यावर संगमरवरी पाटी लागली, 'मंजुळा चौकीचा वीर'. रस्ता खरंच झाला. हमरस्त्यापासून पुतळ्यापर्यंत झाला आणि तिथे संपला. आमचं घर त्याच्याही पुढे आहे. भाऊ सरपंच झाले. शाळेत स्नेहसंमेलनाला 'मंजुळा चौकीची लढाई' नावाचं नाटक बसवलं. त्यात शमिका उंच म्हणून तिला शत्रूचं काम मिळालं. ती आजोबांच्या हातून मेली आणि घरी येऊन म्हणाली, की मिशी लावलेला मुलगा फार जोरात ढकलतो. ज्या पुढाऱ्यासाठी तो पुतळा मुळात केला होता, त्याच्या वाढदिवसाला त्याची दोन माणसं गुपचूप येऊन हार घालून गेली. नंतर तो पुढारी साहेबांच्या पक्षात परत आला, आणि आता ते दोघेही जोडीने हार घालतात.

संदेश गणपतीला आला तो महिनाभर राहिला. आप्पांना जसं सार जमायचं तसं मला शिकव, म्हणाला. त्याला अजून कोकम किती घालायचं कळत नाही.

यंदाच्या एक मेला आई कार्यक्रमाला गेल्या नाहीत. गुडघ्यांचं कारण सांगितलं. दोन दिवसांनी आम्ही परसातल्या, यंदा पहिल्यांदाच धरलेल्या झाडाचा फणस काढला. चीक सांडू नये म्हणून आईंनी खाली घालायला कागद मागितला. मी हाताला आला तो वर्तमानपत्राचा दिला. त्यात पुतळ्याचा फोटो होता, साहेबांचा आणि हारांचा. आईंनी तो बघितला, कागद उलटा केला आणि त्यावर फणस ठेवला. विळीला तेल लावलं, फणस उभा चिरला, एक घट्ट, करकरीत गरा काढून चाखला.

"कापा निघाला," त्या म्हणाल्या. "त्यांना मऊ बरका आवडायचा."

मग त्यांनी एक गरा शमिकाच्या हातावर ठेवला, एक माझ्या, आणि आठळ्या भाजायला वेगळ्या काढायला लागल्या.